विश्लेषण : व्हिस्कीच्या पिंपात मुरलेली काळी बिअर कशी चाखतात?

दाट, काळीभोर, फेस जेमतेम आणि नेहमीच्या बिअरच्या जवळपास तिप्पट कडक. अमेरिकेत दरवर्षी ‘थँक्सगिव्हिंग’नंतरच्या शुक्रवारी शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीची ‘बोर्बन काउंटी स्टाउट’ बाजारात येते आणि ती घेण्यासाठी रांगा लागतात. मात्र २०१५ मध्ये याच मालिकेतील काही बाटल्या आंबट निघाल्या आणि ग्राहकांना पैसे परत करण्याची वेळ आली. चव देणारे पिंप चव बिघडवूही शकते का? आणि ते जिभेला कसे कळते?

बिअरसाठी व्हिस्कीचे पिंप का?

अमेरिकी नियमानुसार ‘बोर्बन’ व्हिस्की ओक लाकडाच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बोर्बनसाठी चालत नाही. त्यामुळे सुमारे २०० लिटरची ही पिंपे मोठ्या संख्येने विक्रीला निघतात. स्कॉटलंडच्या व्हिस्कीला ती लागतात, तशीच गोव्यात तयार होणाऱ्या ‘पॉल जॉन’ या सिंगल माल्टलाही. १९९०च्या दशकात गूज आयलंडचे ब्रुमास्टर ग्रेग हॉल यांनी ‘जिम बीम’चे बुकर नो यांच्याकडून सहा रिकामी पिंपे मिळवली आणि त्यांत स्टाउट भरली. हे वर्ष १९९२ असल्याचे कंपनी दीर्घकाळ सांगत आली. मात्र ते १९९५ असावे, असे नंतर पुढे आले. त्या वेळी अमेरिकी बिअर स्पर्धांत अशा पेयासाठी वेगळा वर्गही नव्हता.

पिंपात नेमके काय घडते?

रिकाम्या पिंपाच्या लाकडात काही लिटर व्हिस्की मुरलेली असते. ती बिअरमध्ये उतरते आणि तिचा कडकपणा वाढवते. जाळल्यामुळे ओकमधील लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार झालेले असते. त्यातून व्हॅनिलाचा गंध येतो. लाकडातील साखर जळून कॅरमेलची, तर लॅक्टोन या घटकांमुळे खोबऱ्यासारखी छटा येते. उन्हाळ्यात द्रव लाकडात शिरतो, थंडीत बाहेर येतो. म्हणून ही बिअर बरेच महिने पिंपात ठेवतात.

काळीच बिअर का निवडतात?

फिकट, हलकी बिअर लाकूड आणि व्हिस्कीच्या चवीखाली दबून जाते. स्टाउटमध्ये भाजलेल्या बार्लीमुळे कॉफी आणि कडू चॉकलेटची चव असते. ती या गंधांपुढे टिकते. शिवाय जास्त अल्कोहोलमुळे अनेक जिवाणूंना वाढणे अवघड जाते.

मग २०१५ मध्ये काय बिघडले?

त्या बाटल्यांमध्ये लॅक्टोबॅसिलस गटातील, अल्कोहोल सहन करणारा जिवाणू आढळला. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचाच हा नातेवाईक. त्याने बिअर आंबट केली. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने परतावा देण्यास सुरुवात केली आणि पुढच्या हंगामापासून बाटलीबंद करण्याआधी बिअर क्षणभर तापवून, म्हणजे फ्लॅश पाश्चरायझेशन करून, पाठवली जाऊ लागली. सच्छिद्र लाकूड पूर्ण निर्जंतुक करणे कठीण असते, हा या साऱ्या प्रकारातला मूळ धोका. महागड्या बाटलीवरच्या नावापेक्षा जिभेचा कौल महत्त्वाचा, हे ग्राहकांनी तेव्हा दाखवून दिले.

चाखण्याची पद्धत कोणती?

बाटली फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवतात. साधारण १० ते १३ अंश सेल्सियस तापमान योग्य मानले जाते. बर्फासारख्या गार बिअरचा गंध दबलेला असतो. तोंडाकडे निमुळत्या होणाऱ्या छोट्या ग्लासात शंभर मिलीच्या आसपास ओततात. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा आणि नंतर छोटा घोट तोंडात फिरवायचा. भाजलेली बार्ली, व्हॅनिला, लाकूड आणि व्हिस्कीची ऊब यांपैकी एकच चव पुढे येत असेल, तर तोल साधलेला नाही असे समजतात. दह्यासारखा आंबटपणा जिवाणूंकडे, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास नको तितक्या ऑक्सिजनकडे बोट दाखवतो. ग्लास कोमट होत जातो तसे गंध बदलतात. म्हणून घाई करत नाहीत.

एक बाटली म्हणजे किती?

बाटली लहान दिसली तरी हिशेब मोठा आहे. १४ टक्के अल्कोहोलच्या ५०० मिली बिअरमध्ये ७० मिली शुद्ध अल्कोहोल असते. पाच टक्क्यांच्या ३३० मिलीच्या चार बाटल्यांपेक्षाही हे जास्त भरते. गोडसर चवीमुळे हा कडकपणा जिभेला जाणवत नाही. म्हणूनच जाणकार एक बाटली तिघा-चौघांत वाटून घेतात आणि त्यानंतर गाडीला हात लावत नाहीत. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पिंपात कितीही महिने मुरली, तरी बिअरला त्यातून सूट मिळत नाही.