मोठ्या बोरचे रिव्हॉल्व्हर गोंदियात कुठे बसते?

धान लोंबीवर आले की गोंदिया जिल्ह्यात जंगलालगतच्या बांध्यांवर रात्रीची जागल सुरू होते. मचाणीवर बसायचे, डबे वाजवायचे, टॉर्च फिरवायचा आणि रानडुकरांचा कळप दुसऱ्या अंगाला पिटाळायचा. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्यांना अस्वलाची धास्ती असते. अशा गप्पांत कोणीतरी म्हणतेच, ‘कमरेला एखादे दणकट रिव्हॉल्व्हर पाहिजे होते!’

अमेरिकेत ही नुसती बोलायची गोष्ट नाही. तिथे शिकारीला जाणारी माणसे .४४ मॅग्नमसारखे मोठ्या बोरचे रिव्हॉल्व्हर कमरेला लावतात आणि त्यानेच रेंजवर सराव करतात. गोंदियात राहून असे हत्यार निवडायचे म्हटले तर हिशेब कसा मांडावा लागेल? आधी यंत्र, मग गोळी, मग हात, मग काम आणि शेवटी कायदा, या क्रमाने पाहू.

यंत्र कसे चालते

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या ठेवण्याचे घर म्हणजे फिरता सिलिंडर. त्यात बहुधा सहा भोके असतात आणि प्रत्येक भोकात एक काडतूस बसते. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. त्या कडेमुळे ते भोकातून पुढे घसरत नाही. घोडा मागे गेला की आतला एक छोटा दांडा सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो, खालून एक खुंटी वर येऊन त्याला जागेवर अडकवते आणि भरलेले भोक नळीच्या रेषेत येते. घोडा सुटला की काडतुसाच्या बुडावर आघात होतो आणि बार उडतो.

घोडा दोन प्रकारे मागे नेता येतो. अंगठ्याने तो आधीच मागे ओढून ठेवला, तर चाप हलकासा दाबला तरी पुरतो. ही सिंगल अ‍ॅक्शन. नुसता चाप ओढला आणि त्यानेच घोडा मागे नेऊन सोडला, तर ती डबल अ‍ॅक्शन. यात चाप लांब आणि जड ओढावा लागतो. म्हणून नेम धरून मारताना पहिली पद्धत सोयीची आणि घाईत दुसरी.

सिलिंडर फिरायचा तर तो आणि नळी यांच्यात बारीक फट ठेवावीच लागते. गोळी ती फट ओलांडून नळीत शिरते, तेव्हा बाजूने तापलेला वायू फुटून बाहेर येतो. पकडताना बोट त्या फटीजवळ आले तर भाजते. मोठ्या बोरच्या हत्यारात चामडी फाटण्याइतकी इजा होऊ शकते. दोन्ही हातांची बोटे फटीच्या मागे हवीत, हा रिव्हॉल्व्हरचा पहिला धडा त्यामुळेच आहे.

बोरचा आकडा आणि गोळीचा जोर

बोर म्हणजे साधारणपणे गोळीचा व्यास, तोही इंचात. पण आकड्यावर फार विसंबू नये. .३८ स्पेशल म्हणवणाऱ्या गोळीचा खरा व्यास .३५७ इंच असतो आणि .४४ मॅग्नमचा .४२९. गोळीचे काम व्यासाइतकेच तिच्या वजनावर आणि त्याहून जास्त वेगावर ठरते, कारण ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग धरला जातो.

आकडे शेजारी ठेवले की फरक दिसतो. भारतात सर्वांत जास्त चालणारे रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. त्याची गोळी सुमारे साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास आणि ऊर्जा दीडशे ज्यूलच्या जवळपास. ब्रिटिश फौजेचे जुने .४५५ वेब्ली घेतले तर गोळी सतरा ग्रॅमची, म्हणजे चांगलीच जड. पण वेग दोनशे मीटरच्याही आत, त्यामुळे ऊर्जा तीनशे ज्यूल. १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची असते. ती ४३० मीटरच्या वेगाने सुटते आणि ऊर्जा थेट चौदाशे ज्यूलवर जाते.

आता याच रांगेत साधी बारा बोरची बंदूक उभी करा. बत्तीस ग्रॅम छर्रे ३८० मीटरच्या वेगाने सुटले तर ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या पुढे जाते. भारतात बनणाऱ्या .३१५ रायफलची ऊर्जा त्याहूनही जास्त. म्हणजे हाताच्या हत्यारांतला राजा समजला जाणारा .४४ मॅग्नम खांद्याच्या साध्या हत्यारासमोर मागेच राहतो. रिव्हॉल्व्हरची सोय ते जवळ बाळगता येण्यात आहे. जोरासाठी कोणी ते निवडत नाही.

हाताला बसणारा दणका

गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने हत्यार मागे येते. .३२ची गोळी आणि सातशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर धरले, तर हत्यार सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने मागे येते. .४४ मॅग्नमचे हत्यार त्याच्या दुप्पट, म्हणजे एक किलो चारशे ग्रॅमचे धरले, तरी मागे येण्याचा वेग पावणेपाच मीटरच्या घरात जातो. दारूच्या वायूचा धक्का यात धरलेलाच नाही. मनगटाने झेलायची ऊर्जा पहिल्यात दीड ज्यूल, दुसऱ्यात सोळा. म्हणजे दहापटीहून जास्त.

दणका दोन उपायांनी कमी होतो: हत्यार जड घ्यायचे, नाहीतर गोळी हलकी. जड हत्यार दिवसभर कमरेला वागवणे जिवावर येते. हलके घेतले तर सराव नकोसा होतो. नेमबाज दणक्याच्या धास्तीने बार उडण्याआधीच मनगट झुकवू लागतो, गोळी खाली लागते आणि ही सवय मोडायला फार वेळ लागतो. मोठ्या बोरचा हा दोष किमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

रेंजवर काय लागते

आंतरराष्ट्रीय नेमबाजीत मोठ्या बोरला किंमत आहे, असे अनेकांना वाटते. नियम पाहिले तर उलट दिसते. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचेच बोर चालते आणि चापाला किमान एक किलोचा ताण लागतो. .४४ला तिथे जागाच नाही. या प्रकारातले बरेच नेमबाज .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचेच सपाट तोंडाच्या गोळीचे काडतूस वापरतात. सपाट तोंडाने कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण मिळवले, तो प्रकार तर .२२चा. ऑलिंपिकमध्ये पिस्तूल .२२च्या वर जातच नाही.

म्हणून गोंदियातल्या एखाद्या मुलामुलीला नेमबाजी शिकायची असेल, तर सुरुवात दहा मीटर एअर पिस्तुलाने व्हावी. .१७७ बोरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या हत्याराला शस्त्र परवाना लागत नाही. श्वास, नजर आणि चाप यांचा मेळ तिथे बसला की पुढचे बोर आपोआप सोपे होते.

शिकारीच्या वेळी कमरेला: ही कल्पना इथलीच

शिकारीत मोठ्या बोरचे हातहत्यार जवळ ठेवण्याची चाल मुळात भारतातल्या जंगलांत रुजली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिकारी हत्तीवर बसून वाघ मारायला निघत. जखमी वाघ हौद्यावर झेपावला तर लांब रायफल फिरवायला जागा नसे. त्यासाठी दोन नळ्यांचे, जाड तोंडाचे पिस्तूल बाळगत. त्याला हौदा पिस्तूल म्हणत. पुढे त्याची जागा .४५५ वेब्लीसारख्या रिव्हॉल्व्हरने घेतली. त्या काळात आजचा गोंदिया मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता आणि प्रांतातल्या राखीव जंगलांत परवाने काढून शिकार चाले.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने ते सगळे संपवले. कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. कलम ११ मध्ये दोन मोजक्या वाटा ठेवल्या आहेत. जिवावर किंवा उभ्या पिकासह मालमत्तेवर उठलेल्या प्राण्याबाबत वन खाते लेखी परवानगी देऊ शकते. आणि स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‍हेतूने प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. यात हौशी शिकारीला कुठेच दार नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद आहे.

परवान्याची वाट

१९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ शेतकऱ्याने मुद्दाम वाचण्यासारखे आहे. पीक राखण्यासाठी त्यात नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे, म्हणजे आपल्याकडची भरमार. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पीक संरक्षणाच्या या तरतुदीत रिव्हॉल्व्हरचा उल्लेखच नाही. ते मागायचे तर ‘सबळ कारण’ दाखवावे लागते, आणि ते बहुधा जिवाला असलेल्या धोक्याचे असते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी या नात्याने, जातो. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो. वय किमान २१ हवे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे.

गोंदियात आणखी एक अट आड येते. वन्यजीव कायद्याचे कलम ३४ सांगते, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३मध्ये जाहीर झाला. त्यातली अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यान यांच्याभोवती दहा किलोमीटरची रेघ ओढून पाहा. गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव आणि तिरोडा या तालुक्यांतली कितीतरी गावे तिच्या आत येतात. परवाना हातात असला तरी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरणे गुन्हा आहे.

परवान्यावर तो कोणत्या हद्दीत चालतो तेही लिहिलेले असते. इथे बाघ नदी ओलांडली की बालाघाट आणि देवरीपुढे हमरस्त्याने गेले की छत्तीसगड. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन सोयरिकीला पलीकडे हत्यार नेले, तर ते बेकायदा ठरते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करण्याचा आदेशही येऊ शकतो.

बोरचा प्रश्नही कायद्याने बराचसा सोडवून टाकला आहे. .३८०, .४५५, नऊ मिलिमीटर आणि बिनकडेचे .४५ ही फौजी काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोरमध्ये मोडतात. .४४ मॅग्नमचे नाव त्या यादीत नसले, तरी सामान्य माणसाला हत्यार आयात करणे १९८०च्या दशकापासून बंद आहे. त्याआधी आलेली जुनी हत्यारेच हातोहात फिरतात आणि त्यांना अव्वाच्या सव्वा भाव लागतो. काडतुसे मिळवणे ही पुढची अडचण.

मग उरते .३२

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या धर्तीवर मधून मोडून उघडते. जानेवारी २०१४मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आणि पाचशे ग्रॅमचे होते. किंमत सव्वा लाखाच्या आत. ऑगस्ट २०२३मध्ये आलेल्या ‘प्रबल’चा सिलिंडर बाजूला उघडतो. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची चौकट अखंड राहते, म्हणून सांधा सैल होण्याची भीती कमी.

दुकानात हत्यार हातात घेतल्यावर आधी ते रिकामे आहे याची स्वतः खात्री करावी, नळी कोणावर रोखू नये. मग मूठ धरून पाहावी. बोटाचे पहिले पेर चापावर सहज पोचले पाहिजे. घोडा मागे असताना सिलिंडर हलवून बघावा. किंचित हालचाल चालते, पण खुळखुळ चालत नाही. सिलिंडर हळूहळू फिरवत सहाही घरे नळीसमोर नेमकी अडकतात का ते पाहावे. जुने हत्यार असेल तर सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरून तपासावी, आणि नळीत गंजाचे डाग आहेत का तेही. घरी हत्यार आणि काडतुसे वेगवेगळी, कुलपात.

हिशेबाचा निकाल

तीन वेगळ्या गरजा एका हत्याराकडून भागवून घ्यायची इच्छा झाली की मोठ्या बोरचे रिव्हॉल्व्हर आठवते. त्या सुट्या केल्या की उत्तरेही सुटी मिळतात. खेळायचे असेल तर एअर पिस्तूल, पुढे .२२ किंवा .३२. जिवाला खराखुरा धोका असेल आणि परवाना मिळाला तर .३२. पीक राखायचे असेल तर नुकसान झाल्या झाल्या वन कार्यालयात कळवून पंचनामा करून घेणे, व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून मिळणारे सौर कुंपण मागणे आणि तारेत वीज सोडण्याचा जीवघेणा मार्ग टाळणे. बंदूकच लागली तर ती गुळगुळीत नळीची, आणि चालवायची तीही वन खात्याच्या लेखी परवानगीने. या तिन्हींत मोठ्या बोरच्या रिव्हॉल्व्हरला जागा नाही. ज्याला ते तरीही हवेसे वाटते, त्याने ते हौसेपोटी हवे आहे असे सरळ म्हणावे, रानडुकराचे नाव पुढे करू नये.