एचएमटीचं पार्सल पुण्याला की हैदराबादला? जीएसटीचा नियम त्यावरच ठरतो

नागभीड : धान निघाला की पुण्या-हैदराबादला राहणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात, घरचा एचएमटी पाठवा. मग त्यांच्या शेजाऱ्यालाही पाहिजे असतो. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर येते, फोनवर पैसे येतात, पोस्टातून पार्सल जातं. हे वाण आपल्याच तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी तयार केलेलं, त्यामुळे इथल्या तांदळाचं नाव आहेच. पण चार पाकिटांची चाळीस झाली की कोणते कागद लागतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

"40 लाखांच्या आत जीएसटी नाही" एवढं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते अर्धंच खरं. महाराष्ट्रात ही सूट माल राज्यातल्या राज्यात विकला तरच आहे. टॅक्स लागणाऱ्या मालाचं एक पार्सल जरी रायपूर किंवा हैदराबादच्या गिऱ्हाईकाला विकलं, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. पोराला घरी खायला पाठवलेला तांदूळ मात्र विक्री नाही, त्याची भीती नको.

तांदळाला कुठला टॅक्स, असं कोणी म्हणेल. सुट्ट्याला नाही. पण 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद तांदळावर 5 टक्के आहे. यावर गावात एक पळवाट सांगतात, लेबलच लावू नका. ती चालत नाही. गिऱ्हाईक समोर नसताना ठरलेल्या वजनाचं पाकीट भरलं की कायद्याने ते पाकीटबंदच, अन् त्यावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, भरणाऱ्याचं नाव-पत्ता टाकावाच लागतो. पोस्टाच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर असतं तरी कुठे?

स्वतःच्या शेतातलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी माफ आहे. धान विकला तोवर ठीक. तो भरडून तांदूळ केला की माल बदलला, असं जीएसटी खात्याचं म्हणणं. आणि शेजाऱ्याचा धान घेऊन विकला तर तुम्ही सरळ व्यापारीच.

अमेझॉन, फ्लिपकार्टवर विकायचं तर आधी जीएसटी नंबर सक्तीचा होता. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला पॅन कार्डावर जीएसटीच्या साईटवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात.

खायचा माल असल्याने एफएसएसएआयची नोंदणी वेगळी. 12 लाखांपर्यंतच्या धंद्याला तिची फी वर्षाला 100 रुपये आहे. महिला बचत गटांच्या पापड-लोणच्यालाही ती लागते.

बांबूवाल्यांसाठी चांगली गोष्ट आहे. हाताने बनवलेल्या बांबूच्या वस्तू हस्तकलेत येतात, त्या 20 लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यातही जीएसटी नंबराशिवाय विकता येतात. पॅन पाहिजे, आणि माल हजाराचा असला तरी ई-वे बिल काढावं लागतं.

जीएसटी नंबर फुकट मिळतो म्हणून उगाच घेऊन ठेवू नका. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. शून्याचं रिटर्न उशिरा भरलं तर रोजचे 20 रुपये, एका रिटर्नला 500 पर्यंत. शिवाय नोंदणीवाल्याला वर्षाचा 2500 रुपये व्यवसाय कर येतो, तो नंबर काढून देणारे बहुधा सांगत नाहीत. धंदा बंद केला तर नंबर रद्द करायचा अर्जही टाका, नुसतं पार्सल थांबवून रिटर्न थांबत नाही.