बादशहाच्या पानातील मोडके धिरडे

घरात धिरडी होत असली की पहिले धिरडे बहुधा तव्याला धरते, उलथताना मोडते आणि बाजूच्या ताटलीत जाऊन पडते. ती ताटली कोणाची, हे सांगावयास नको. सर्वांची जेवणे आटोपल्यावर गृहिणी त्याच गार तुकड्यांवर भूक भागविते. आज आम्ही ज्या पक्वान्नाची ओळख करून देणार आहो, ते म्हणजे असेच मोडके धिरडे होय. फरक इतकाच, की तिकडे ते बादशहाच्या नावाने ओळखले जाते.

ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीतील बव्हेरियात ‘कायझरश्मार्न’ घरोघर होते. ‘कायझर’ म्हणजे बादशहा. ‘श्मार्न’ म्हणजे तिकडच्या बोलीत फालतू बडबड, काहीतरीच! 1848 पासून 1916 पर्यंत गादीवर असलेल्या फ्रान्झ योझेफ बादशहाच्या पानात एकदा मोडके धिरडे गेले व त्याला ते आवडले, अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडील धिरड्याचे कूळही काही हलके नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनातील पदार्थांत ‘धोसक’ आहेच.

आता कृती. चार माणसांसाठी 130 ग्रॅम मैदा, 250 मिलीलिटर दूध, 4 अंडी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि तूप एवढे साहित्य पुरे. मैदा, दूध, मीठ आणि अंड्यांतील पिवळे बलक एकत्र करून गुठळ्या मोडाव्या. मात्र फार घोटू नये. गव्हाचे पीठ जितके घोटावे तितके चिवट होते. मग पंधरावीस मिनिटे ते झाकून ठेवावे, म्हणजे पीठ दूध पिते आणि आलेला चिवटपणा सैल होतो.

अंड्यांतील पांढरे कोरड्या, तूप न लागलेल्या भांड्यात साखर घालून रवीने फेस उभा राहीपर्यंत घुसळावे. या पदार्थाची सारी हलकाई ह्या फेसात आहे. त्यातील हवेचे बुडबुडे उष्णतेने फुगतात, पाण्याची वाफ त्यांना आणखी फुगविते आणि भोवतीचे अंडे शिजून घट्ट होते. म्हणूनच येथे सोडा लागत नाही. फेस पिठात हलक्या हाताने मिसळावा; ढवळला की बसलाच.

जाड बुडाच्या पसरट भांड्यात तूप तापवून पीठ बोटभर जाड ओतावे, वर भिजविलेले बेदाणे पेरावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाचसहा मिनिटे होऊ द्यावे. मग सराट्याने चार भाग करून उलटावे. दुसरी बाजू शिजली की दोन चमच्यांनी फाडून लहान तुकडे करावे, थोडे तूप-साखर घालून आच वाढवावी आणि साखर तांबूस होईतो परतावे.

अंडे न खाणाऱ्या घरांनी निराश होण्याचे कारण नाही. वाटीभर कणीक आणि पाण्यात विरघळविलेला अर्धी वाटी गूळ यांची आपली गोड धिरडी घालावी. यात फेस नाही. म्हणून जाड घातली तर आत कच्ची राहतात. गूळ लवकर करपतो, तेव्हा आच मंद हवी. तीनचार धिरडी झाली की तीच फाडून तुपावर परतावी. ती तितकी हलकी होणार नाहीत, पण चवीला उणी पडणार नाहीत.

तिकडे याच्यासोबत शिजविलेली आंबटगोड आलुबुखारासारखी फळे वाढतात. आपल्या घरी चैत्र-वैशाखात कैरीचा गुळांबा असतोच. तो येथे अगदी चपखल बसतो. बेदाण्यांच्या जागी, केळापूर-झरीजामणीकडील रानात याच दिवसांत पडणारी मोहाची फुले वाळवून, पुंकेसर झाडून, भिजवून घालावी. आपल्या जिल्ह्याच्या जंगलाकाठी ही फुले गोडव्यासाठी वापरण्याची रीत जुनीच आहे.

परंतु या पदार्थाचा आम्हाला वाटणारा मोठा गुण वेगळाच आहे. धिरडे गरमच चांगले. म्हणून खाणारे पाटावर आणि करणारी चुलीपाशी, असा आपला क्रम. एकेक धिरडे पानात पडते आणि तिची पाळी शेवटी येते. येथे मात्र सारे एकाच भांड्यात होते, एकदाच मोडते आणि एकदाच वाढले जाते. मोडके कोणाच्या वाटणीचे, हा प्रश्नच उरत नाही, कारण सर्वांच्याच पानात मोडके असते. चूल विझवून करणारीही पंक्तीत बसू शकते. एवढ्यासाठी तरी हे परदेशी ‘काहीतरीच’ महिन्यातून एकदा आपल्या घरी व्हावे, असे आम्हाला वाटते.