आधी दगड, मग वाळू

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षारांचे मिश्रण विरघळवले, की शाळेतही खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडता येते. काळजी घ्यावी लागते ती दगडांची.

सीताबर्डीची टेकडी ज्याची बनली आहे, तो काळा बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. त्याचा ३ किलोचा तुकडा सुमारे १ लिटर पाणी बाजूस सारतो. म्हणून आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तळावर त्याचा भार सुमारे २ किलोच पडतो. पण तो टोकाने १ चौरस सेंटिमीटरवर टेकला तर? तेवढ्याशा जागेवर २००० ग्रॅम! ४० सेंटिमीटर खोल खारे पाणी त्याच जागेवर अवघा ४१ ग्रॅम भार देते.

पुष्कळजण आधी वाळू पसरून तिच्यावर दगड रचतात. दिसते छान, परंतु गोबी जातीचे मासे आणि काही कोळंब्या वाळू उकरून बिळे करतात. पाया पोखरला, की दगड कलंडून काचेवर आदळतो. म्हणून तळाशी प्लॅस्टिकचा जाड पत्रा घालावा. त्यावर रुंद, सपाट दगड मागच्या काचेपासून चार बोटे सोडून बसवावेत आणि हाताने हलवून पाहावेत. मग धुतलेल्या वाळूचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा.

मनसरकडचे जड, मँगनीजयुक्त दगड टाळलेले बरे. किनाऱ्यावरून प्रवाळ तर आणूच नयेत. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवावी, म्हणजे खड्डा पडत नाही.