पोचपावती

1 सप्टेंबर 2025 पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा बंद केली आणि ती स्पीड पोस्टात मिसळून टाकली. त्याआधी अडीच महिने, 12 जूनला, मीरा-भाईंदरची नगरपालिका स्थापन होऊन चाळीस वर्षं झाली होती. दुसऱ्यांना त्यानिमित्ताने नगरसेवक आणि उड्डाणपूल आठवले असतील. मला आमचा पोस्टमन आठवला.

टपालाचा जुना इतिहास मी थोडक्यात उरकतो. 1854 साली देशभर एकच दर आला: पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की पेशावरला. 1879 मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, पुढच्याच वर्षी मनीऑर्डर. गोऱ्यांनी हे आपल्या सोयीसाठी केलं, पण मनीऑर्डरवर कोकणातल्या चुली पेटल्या, हेही तितकंच खरं. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी होते आणि आपले मराठी होते. त्यांचं नाव आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी मीरा रोडला आलो 1986 मध्ये. दहिसर 400068, आणि लगेच पुढचं स्टेशन मीरा रोड 401107. 400 चं 401 झालं, त्या एका आकड्याच्या फरकाने आम्ही मुंबईतून बाहेर पडलो होतो. पालिका होती, पाणी नव्हतं. टँकर आला की बायका-पोरं हंडे घेऊन धावत. पावसाळ्यात स्टेशनपासून घरापर्यंत चपला हातात घेऊन चिखल तुडवायचा. मिठागरांच्या कडेने इमारती अशा उगवत होत्या की बिल्डर नाव ठरवायच्या आधी माणसं राहायला येत. ‘पाण्याच्या टाकीमागे, दुसरी बिनरंगाची बिल्डिंग’ हा आमचा पत्ता होता. 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाख असलेलं हे शहर 2011 पर्यंत आठ लाखांवर गेलं. त्याची सुरुवात आम्ही डोळ्यांनी पाहिली.

त्या पत्त्यावर पाणी पोचत नव्हतं. पत्र पोचत होतं.

आमचा पोस्टमन साडेअकराच्या सुमारास यायचा. साधी पत्रं दाराच्या फटीतून आत सरकवायचा, पण रजिस्टर असलं की खालूनच हाक: “वहिनी, रजिस्टर आहे, सही करायला या!” मग जिन्यातच पिशवी गुडघ्यावर टेकवून तो पाकीट काढायचा, नाव मोठ्याने वाचायचा आणि माणूस तोच आहे ना हे बघून घ्यायचा. एडीचं, म्हणजे पोचपावतीचं, जाडसर कार्ड पाकिटाला लावलेलं असे. त्यावर सही घेऊन ते परत पाठवणाऱ्याकडे जायचं. 1993 च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं आमच्या मीरा रोडच्या नयानगरात आली. त्या वर्षी त्याच्या पिशवीत जुने पत्ते खोडून शेजारी नवे लिहिलेली पाकिटं मी पाहिली आहेत. घर सुटलं होतं, पण टपाल माणसाच्या मागोमाग आलं.

आमच्याच सोसायटीच्या सभेत तेव्हा काही जण म्हणत, “पोस्ट म्हणजे सरकारी काम, कुरियर करा.” ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. परवा एका कुरियरवाल्याने माझ्या बँकेचे कागद वॉचमनच्या खुर्चीवर ठेवले आणि ‘घरी दिले’ म्हणून नोंद केली. कागद तिसऱ्या दिवशी दुसऱ्या विंगमध्ये सापडले. त्या सभेतल्या मंडळींना मी आज हे सांगू इच्छितो.

स्पीड पोस्ट वाईट नाही. 1986 पासून ते चाललं आहे, वेळेवर जातं. पण ते पत्त्यावर पोचतं. रजिस्टर माणसाला पोचायचं. आता ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं असेल तर स्पीड पोस्टावर जादा शुल्क भरून ती सोय घ्यायची. जे सेवेचं मूळ होतं, ते पुरवणी झालं. 1897 च्या कायद्याने नीट पत्ता लिहून रजिस्टरने धाडलेलं पत्र पोचलं असं धरायला मुभा दिली, कारण रजिस्टरवर कोर्टाचा विश्वास होता. वाटणीचे कागद, भाडेकरूची नोटीस, नोकरीचा कॉल, सगळं त्या विश्वासावर चाललं. तो विश्वास गरिबाला परवडत होता, आणि तोच जपायला हवा होता.

तुमच्या घरी जुन्या पोचपावत्या असतील तर रद्दीत घालू नका.

माझ्याकडे पाच आहेत. देवरूखजवळच्या आमच्या वाडीत मी घरजागेच्या वाटणीचे कागद आईला रजिस्टरने पाठवायचो, त्याची ही परत आलेली कार्डं. आई शाळेत गेलेली नव्हती. पहिल्या दोन कार्डांवर तिचा अंगठा आहे. मधल्या काळात ती साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली. तिसऱ्या कार्डावर, 1991 च्या तारखेजवळ, तिची सही आहे, वेलांटी चुकलेली. या कार्डांखेरीज तिच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही नाही.