संगणक ‘मेला’ असे म्हणण्यापूर्वी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु जुने संगणक आज सर्वांत जास्त कोठे नांदत असतील तर ते आपल्याच विभागांत. नवे यंत्र कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत जाते. तेथले जुने मराठीच्या, इतिहासाच्या नाही तर राज्यशास्त्राच्या खोलीत येते आणि पुढे दहा-पंधरा वर्षे मुकाट्याने राबते. शिरूर काय किंवा दौंड काय, या बाबतीत फारसा फरक नाही. मग एके दिवशी बटण दाबूनही ते हूं की चूं करीत नाही. कोणी तरी ‘मेला’ असा निर्वाळा देतो, पेटी कपाटावर चढते आणि एक-दोन वर्षांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवर उतरते.

लोखंड गेल्याचे दुःख नाही. परंतु त्या पेटीत जुन्या वार्षिकांकांची जुळणी असते, प्राध्यापकांच्या प्रबंधांचे खर्डे असतात, गावच्या यात्रांची विद्यार्थ्यांनी जमविलेली माहिती असते, आणि कधी एखाद्या मुलीने आजीला पुढे बसवून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या असतात. अशा ओव्यांचे मोल काय, हे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या कामावरून कळते. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून कोणालाही वाचता-ऐकता येतात, कारण त्या एका खोलीतल्या एका पेटीत अडकून राहिल्या नाहीत. आपल्या विभागातल्या पन्नास-साठ ओव्यांना मात्र त्या पेटीवाचून दुसरे घर नसते.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, यंत्र सुरू न होणे आणि आतला मजकूर नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर हार्ड डिस्कच्या तबकडीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने असतो. वीज गेली तरी त्या खुणा पुसल्या जात नाहीत. ज्या यंत्रात बटण दाबल्यावर काहीच होत नाही, त्यात दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो. डिस्क बिचारी आत स्वस्थ बसलेली असते.

ती वाट शोधण्याची रीत आपल्याला शिकवावी लागणार नाही. दौंड तालुक्यात खडकवासल्याचा कालवा येतो, शिरूर तालुक्यात चासकमानचा. शेवटच्या वाफ्यात पाणी आले नाही, तर शेतकरी वाफा उकरीत बसत नाही. तो फावडे खांद्यावर टाकून पाटाच्या कडेने वर जातो. चारी कोठे फुटली आहे का, वरच्या कोणी दारे मोडून पाणी वळविले आहे का, हे पाहतो. संगणकाचेही असेच करावे. भिंतीपासून निघावे आणि एकेक टप्पा नि:शंक झाल्यावरच पुढे सरकावे. बहुतेक मंडळी नेमके उलटे करतात. प्रथम पेटी उघडून आतल्या तारा ओढतात, आणि दोष निघतो भिंतीवरच्या सैल सॉकेटमध्ये!

तर प्रथम भिंत. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. तो पेटला तर स्पाइक गार्डच्या पट्टीत लावावा. पट्टीचे बटण जळलेले किंवा तिचा फ्यूज उडालेला असणे नित्याचे आहे. त्यानंतर पेटीच्या पाठीमागे खोचलेली काळी केबल. मॉनिटरची केबल पुष्कळदा तशाच जातीची असते. ती काढून येथे लावली की अर्ध्या मिनिटात शंका फिटते.

यूपीएसविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती, आणि त्या काळात प्रत्येक टेबलाखाली एकेक यूपीएस येऊन बसला. त्यातली बॅटरी सहसा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची, आणि तिचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. बॅटरी पार बसली की पुष्कळ यूपीएस भिंतीतून वीज येत असतानाही पुढे देत नाहीत. त्यामुळे यूपीएस बाजूला सारून संगणक थेट भिंतीला लावून पाहावा. मेला म्हणून कपाटावर चढविलेल्या यंत्रांपैकी काही तर एवढ्यानेच उठून बसतात.

व्होल्टेजचा प्रश्न आपल्या भागात वेगळा विचारात घ्यावा लागतो. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असावा. उसाच्या पट्ट्यात मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या इमारतीत तो बराच खाली येतो, ट्यूब फडफडते, यूपीएस टकटक करू लागतो. कमी व्होल्टेजने यंत्र सुरू होणार नाही, परंतु सहसा बिघडतही नाही. खरे भय उलट बाजूचे आहे. डीपीवरची न्यूट्रलची तार तुटली, तर दोन फेजांमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब घरांत वाटला जातो. एखाद्या घरात तो फार कमी पडतो आणि शेजारच्या घरात ३०० च्या पुढे जातो. अशा दिवशी आळीतले बल्ब फुटतात, पंखे जळतात. संगणक त्याच दिवशी बंद पडला असेल, तर फार शोध न घेता त्याच्या एसएमपीएसवर संशय घ्यावा.

एसएमपीएस म्हणजे पेटीच्या आतली पत्र्याची छोटी पेटी. पाठीमागचा पंखा तिचाच. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या धारा करून देते. तिच्या पाठीमागे एक चालू-बंद बटण असते. फरशी पुसताना किंवा टेबल सरकवताना ते बंद झालेले कोणाच्या लक्षातही येत नाही. काही जुन्या नगांवर याखेरीज एक लाल सरकते बटण असते, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे. हे बटण कधीही हलवू नये. ११५ वर ठेवल्यास आतली मांडणी येणारा दाब दुप्पट करून घेते, कारण ती अमेरिकेसारख्या देशांतल्या पुरवठ्यासाठी असते. आपल्या २३० व्होल्टला दुप्पट केले की आतल्या कॅपॅसिटरांना तो सोसत नाही. फटाक्यासारखा आवाज होतो आणि खोलीभर घाण वास सुटतो.

पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर ‘संगणकात करंट उतरला’ असे म्हणून त्याला टाकून देऊ नये. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कॅपॅसिटर विजेच्या तारांपासून अर्थिंगकडे जोडलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर राहतो. दोष इमारतीचा आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतायला कोणी तरी सांगावे. झटका जोराचा असेल, तर मात्र प्लग काढून वायरमनलाच बोलवावे.

येथवर सारे ठीक असेल, तर प्लग काढून पेटीची एक बाजू उघडावी. आतले दृश्य पाहून दचकू नये. धुळीचा थर, मुंग्यांची रांग, क्वचित वाळलेली पाल; कारखान्याच्या जवळच्या गावी गळीत हंगामातली काळी काजळीही आत जाऊन बसलेली असते. कोरड्या रंगाच्या ब्रशने हे सारे झाडावे. ओले फडके आत नेऊ नये.

आता प्लग पुन्हा लावून मदरबोर्डकडे पाहावे. पुष्कळ बोर्डांवर एक बारीक दिवा असतो. तो लागला तर वीज बोर्डापर्यंत आली आहे. पण यंत्र बंद असताना दिवा कसा लागतो? याचे उत्तर १९९५ सालच्या एका बदलात आहे. त्यापूर्वीच्या यंत्रांत पुढचे बटण म्हणजे खरोखरीचा स्विच असे. ते दाबले की भिंतीतली वीज जोडली जाई. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची मांडणी आणली आणि बटणाचा अधिकार गेला. तेव्हापासून बटण दाबणे म्हणजे कार्यालयात अर्ज देण्यासारखे आहे. अर्ज मदरबोर्डाकडे जातो, बोर्ड त्यावर शेरा मारून एसएमपीएसला कळवितो, आणि मग मुख्य वीज सुटते. हा कारभार चालावा म्हणून एसएमपीएस जांभळ्या तारेतून ५ व्होल्टची थोडी धार अष्टौप्रहर चालू ठेवतो. त्या तारेत वीज नसेल, तर अर्ज घ्यायला खिडकीवर कोणी नाही असेच समजावे.

अर्जाची वाट तपासणे सोपे आहे. पुढच्या बटणाच्या दोन बारीक तारा बोर्डावरच्या दोन काट्यांवर बसविलेल्या असतात. वर्षानुवर्षे दाबून बटण झिजते. शेजारच्या ‘रिसेट’ बटणाच्या तारा काढून त्या काट्यांवर बसवाव्यात आणि ते बटण दाबावे. यंत्र सुरू झाले, तर बिघाड दहा रुपयांच्या बटणाचा होता. रिसेटचेच बटण पुढे कायम वापरले तरी बिघडत नाही.

तेही साधले नाही, तर एसएमपीएसची परीक्षा. प्लग काढून बोर्डात बसलेला त्याचा २० किंवा २४ छिद्रांचा मोठा जोड सोडवावा. डिस्कचा जोडही काढून ठेवावा. जोडात एकच हिरवी तार असते. तीच शेऱ्याची तार. कागदाला लावायची टाचण सरळ करून तिचे एक टोक हिरव्या तारेच्या छिद्रात व दुसरे कोणत्याही काळ्या तारेच्या छिद्रात घालावे, टाचण सोडून द्यावी आणि मग प्लग लावावा. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये धुगधुगी आहे. मात्र पंखा फिरणे म्हणजे तब्येत उत्तम असे नाही. मल्टिमीटर मिळाल्यास काळ्या तारेच्या तुलनेत पिवळीवर १२, तांबडीवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट येतात का ते पाहावे. शेकडा पाचपर्यंतचा फरक चालतो.

एसएमपीएसची स्वतःची पेटी मात्र उघडू नये. येथे कलाशाखेने थांबावे. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. नवा एसएमपीएस आणणेच शहाणपणाचे. दौंडकरांनी रेल्वेने किंवा शिरूरकरांनी एस.टी.ने पुण्याला जाऊन तपकीर गल्ली गाठायची असेल, तर जुना नग बरोबर न्यावा. पेट्यांचे आकार आणि जोड सारखे नसतात.

कधी यंत्र पंखा क्षणभर हलवून पुन्हा गप्प होते. येथे विजेची वाट उघडी आहे, पण कोणी तरी मध्येच ती गिळतो आहे. प्रत्येक वेळी प्लग काढून एकेक वस्तू सोडवीत जावी: सीडीचा ड्राइव्ह, जादा कार्डे, शेवटी रॅम. जी काढल्यावर पंखा टिकतो ती अपराधी. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासून पुन्हा घट्ट बसविले की पुष्कळ वेळा काम होते. पंखे फिरतात पण पडदा काळाच, या दुखण्यावरही हा उपाय प्रथम करावा.

एक लक्षण फार बोलके आहे. डिसेंबरच्या सकाळी यंत्र चार-पाचदा बटण दाबूनही उठत नाही आणि दुपारी ऊन तापल्यावर निमूट सुरू होते. यात भुताटकी नाही. एसएमपीएसमधले किंवा बोर्डावरचे कॅपॅसिटर वाळत चालले की थंडीत त्यांचा अंतर्गत विरोध वाढतो. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक बोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसले होते आणि जगभर ते फुगले. बोर्डावर उभ्या नळकांड्यांचे माथे सपाट हवेत. पुरीसारखे टम्म किंवा तपकिरी चिकट झालेले दिसले, तर रोग सापडला. असे यंत्र दुपारी सुरू होते तोवरच त्यातला सारा मजकूर उतरवून घ्यावा.

सारे उपाय थकले तरी डिस्क उरतेच. ती चार स्क्रूंनी बसविलेली असते. जुन्या डिस्कला रुंद चपट्या पट्टीचा जोड असतो, त्यानंतरच्यांना अरुंद साटा जोड. दोन्ही जाती चालविणारा यूएसबी अॅडॅप्टर बाजारात मिळतो. तो घेताना वीज देणारा स्वतंत्र पुरवठा सोबत आहे ना, हे पाहावे. त्याच्या साहाय्याने डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली दिसू लागतात. डिस्क आतून खरखर किंवा टकटक करीत असेल, तर मात्र लगेच बंद करून जाणत्याकडे न्यावी.

फाइल उघडल्यावर मराठी विभागाला एक नवाच धक्का बसतो. ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि मजकूर नासला असे वाटते. तो नासलेला नसतो. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्याच्याच सी-डॅकच्या किंवा श्री-लिपीसारख्या प्रणालींत, त्यांच्या त्यांच्या फॉण्टांत टाइप केला जाई. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. तो फॉण्ट नव्या यंत्रात नसला की रोमन पसारा दिसतो. म्हणून जुन्या डिस्कवरून केवळ फाइली उतरवू नयेत, विंडोजमधला फॉण्टांचा सबंध फोल्डर उचलून आणावा. तो फॉण्ट बसविताच अक्षरे जागच्या जागी उभी राहतात. त्यानंतर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि ओळन् ओळ जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावा, कारण परिवर्तकाच्या हातून ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ हमखास मोडतात. आणि ओव्यांत तर ‘पंढरीच्या वाऱ्या’ आणि ‘दुपाऱ्या’ पदोपदी येतात.