झिजणारे जस्त, टिकणारा पंखा

जहाजाचा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, बहुधा निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा ओतलेला असतो. या मिश्रधातूत सुमारे ८० टक्के तांबे असते. पृष्ठभागावर तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थर त्याचे रक्षण करतो. बंदराच्या दूषित पाण्यातील सल्फाइडमुळे हा थर बिघडतो. वेगाने फिरणाऱ्या पात्यांजवळ बाष्पाचे बुडबुडे तयार होऊन फुटतात, तेव्हा त्यांच्या माऱ्याने तो उखडतो आणि धातूला खड्डे पडतात.

खरा धोका मात्र विजेचा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते उत्तम विद्युतवाहक ठरते. त्यात ब्राँझचा पंखा आणि पोलादी जहाज यांचा विद्युतघटच तयार होतो. अधिक क्रियाशील असलेले पोलाद धनाग्र बनून विरघळते, पंखा ऋणाग्र बनून टिकतो. पंख्याभोवतीचे पोलाद आधी गंजते ते यामुळेच.

सिल्वासातील तांबे शुद्धीकरण कारखान्यात हेच विद्युतरसायन कामाला लावलेले आहे. तेथे बाहेरून वीज देऊन अशुद्ध तांब्याचे धनाग्र विरघळवतात आणि ऋणाग्रावर शुद्ध तांबे साचते. धनाग्र झिजते, ऋणाग्र सुरक्षित राहते, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

संरक्षणाचा उपाय याच नियमातून निघतो. पोलाद आणि ब्राँझ दोघांपेक्षा क्रियाशील असलेल्या जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे जहाजाच्या तळाला बसवतात. ते स्वतः झिजतात आणि बाकीचे धातू वाचवतात. मोठ्या जहाजांवर टायटॅनियमच्या धनाग्रांतून नियंत्रित वीज सोडली जाते. हे संरक्षण पंख्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याचा दांडा ब्रशच्या साहाय्याने जहाजाच्या सांगाड्याशी विजेने जोडावा लागतो, कारण फिरताना बेअरिंगमधील तेलाचा किंवा पाण्याचा थर ही जोडणी तोडतो.

इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी झिजणाऱ्या धातूची हीच युक्ती मांडली. गंज थांबला, पण शिंपले-शेवाळ चिकटू लागले, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते. म्हणूनच आज पंख्यांवर निसरड्या सिलिकॉनचा लेपही देतात.

महाराष्ट्रात अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा गंजरोधक लेप आणि अशा ऋणाग्री संरक्षणावर काम करते. दमणच्या खाडीपासून मुंबईच्या गोदीपर्यंत नौका चालवणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी: जस्ताच्या ठोकळ्यांवर रंग लावू नये आणि ते निम्मे झिजले की बदलावेत. रंगवलेले जस्त कशाचेच रक्षण करू शकत नाही.